मुंबई सिटीची नवी संघबांधणी घरापासून सुरू व्हावी

डिसेंबर २०२५च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीतून अंग काढून घेतलं आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या, म्हणजे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या हाती आला. नोव्हेंबर २०१९मध्ये याच ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा मँचेस्टर सिटीचे मालक आपल्या शहरात आले म्हणून आम्ही पाठीराखे हरखून गेलो होतो, आणि ते उगाच नव्हतं. पुढच्या पाच हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) दोन लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं आल्याचा मान, आणि बाद फेऱ्यांतून मिळणारे दोन आयएसएल कप आले, आशियातल्या सर्वांत वरच्या क्लब स्पर्धेत खेळायला मिळालं. आता तो पैसा नाही, जगभरच्या क्लबांचं ते जाळं नाही, आणि ज्या लीगमध्ये खेळायचं तिचाच पाया डळमळीत आहे. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ला संपला. व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. एरवी सप्टेंबरात सुरू होणारा हंगाम १४ फेब्रुवारी २०२६ला कसाबसा सुरू झाला: १४ संघ, ९१ सामने, प्रत्येकाच्या वाट्याला अवघे तेरा.

तेरा सामन्यांत संघाची परीक्षा होत नाही. स्ट्रायकरचा स्नायू दुखावला आणि तो महिनाभर बाहेर बसला, की हंगामाचा तिसरा हिस्सा गेलाच. म्हणून त्या गुणतक्त्यावर बोट ठेवून ‘याला काढा, त्याला आणा’ अशी यादी मी करणार नाही. मला जे मांडायचं आहे ते एका हंगामापुरतं नाही. मुंबई सिटीने आता संघ बांधताना पहिली नजर महाराष्ट्राच्या मैदानांकडे वळवावी, परदेशी खेळाडूंची संख्या आपणहून कमी करावी आणि वाचलेला पैसा इथल्या पोरांना वर आणणाऱ्या यंत्रणेत घालावा. भावनेपोटी नाही. पुढची पाच वर्षं क्लब जिवंत राहून चांगला खेळायचा असेल तर मला तरी याहून शहाणपणाचा मार्ग दिसत नाही.

संघ कसा विस्कटत गेला ते आधी बघू. ४ मे २०२४ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, मोहन बागानच्या भरलेल्या घरात, मुंबईने ३-१ने कप जिंकला. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच मैदानावर त्याच संघाने आपल्या हातातून शील्ड हिसकावून घेतलं होतं, त्यामुळे त्या रात्रीचा आनंद काही औरच होता. आणि मग उन्हाळ्यात संघाचा कणाच निघून गेला. मधल्या फळीचा प्राण असलेला आपुइया मोहन बागानला गेला. कर्णधार राहुल भेके बेंगळुरूला गेला. अंतिम सामन्यात मुंबईचा पहिला गोल करणारा दियाझ आणि खेळ विणणारा नोगेराही बेंगळुरूलाच गेले. पुढच्या हंगामात मुंबई सहावी आली आणि २९ मार्च २०२५ला बाद फेरीत कांतीरवा स्टेडियमवर बेंगळुरूकडून ०-५ असा मार खाऊन बाहेर पडली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मेहताब सिंग मोहन बागानला आणि बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला. बिपिन म्हणजे २०२१च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल करून पहिला कप आणणारा, २०२४च्या अंतिम सामन्यातही गोल करणारा आपला माणूस.

यातले बहुतेक भारतीय आहेत, याकडे लक्ष द्यायला हवं. आयएसएलमध्ये गेली काही वर्षं सहा परदेशी खेळाडू घेता येतात आणि मैदानावर एका वेळी चारच उतरवता येतात. म्हणजे अकरांत सात जण भारतीय असतातच. जाहिरातीच्या फलकावर स्पेनचा किंवा अर्जेंटिनाचा चेहरा झळकतो, पण लीग जिंकून देतात ते हे सात जण. मोहन बागानने २०२४-२५मध्ये शील्ड आणि कप दोन्ही नेले. त्यांच्याकडे परदेशी खेळाडू उत्तम होतेच, पण विशाल कैथ, शुभाशिष बोस, आपुइया, लिस्टन कोलासो, मनवीर सिंग हा भारतीय कणा बाकी कुणाकडेच नव्हता. चांगला भारतीय खेळाडू मोजकाच असतो आणि कोलकात्याच्या क्लबांइतका पैसा ओतणं यापुढे मुंबईच्या आवाक्यात नाही. मग बाजारात जे मिळत नाही ते स्वतः घडवायला लागेल. आणि घडवायचं तर जिथे आपलं घर आहे तिथलंच पोर जास्त काळ टिकेल, हा साधा हिशोब आहे.

इथे राहुल भेकेबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्या कारकिर्दीत सापडतं. हा मुंबईत जन्मलेला, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला बचावपटू. १७ मार्च २०१९ला आयएसएलचा अंतिम सामना अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात झाला. बेंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवर हेडर मारून भेकेने बेंगळुरूला लीग जिंकून दिली. मुंबईच्या पोराने मुंबईच्या मैदानावर दुसऱ्या शहरासाठी कप जिंकला. मुंबई सिटीची स्थापना २०१४ची. सुरुवातीची वर्षं आपण निकोला अनेल्का, फ्रेडी ल्युंगबर्ग, डिएगो फोर्लान अशी नावं आणण्यात घालवली. फोर्लानच्या हंगामात संघ साखळीत पहिला आला हे खरं. पण ल्युंगबर्ग दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळला, आणि एवढी मोठी नावं येऊन गेल्यावर शहराच्या फुटबॉलमध्ये मागे काय उरलं, याचं उत्तर मला तेव्हाही सापडलं नव्हतं.

भेके २०२१मध्ये अखेर मुंबईत आला. ११ एप्रिल २०२२, रियाध. एएफसी चॅम्पियन्स लीगचा गट सामना, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. ५९व्या मिनिटाला इराकी संघ एका गोलने पुढे गेला. ७०व्या मिनिटाला दिएगो मौरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली. पाच मिनिटांनी अहमद जाहूचा कॉर्नर गोलजवळ आला आणि बचावपटूंच्या गर्दीतून उसळी घेऊन भेकेने बॉल डोक्याने जाळ्यात धाडला. २-१. आशियाच्या या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. संघात मोरोक्कोचा जाहू होता, सेनेगलचा मुर्तदा फॉल होता, ब्राझीलचा मौरिसिओ होता. इतिहासात नोंद झाली ती मुंबईच्या भेकेच्या गोलाची. परदेशी खेळाडू नकोत असं मी म्हणत नाहीच. जाहूच्या पायातून तसा कॉर्नर आला म्हणून भेकेला हेडर मारता आला. परदेशी खेळाडूंच्या जोडीला अशी इथली पोरं पाच-सहा असावीत, एवढंच माझं मागणं आहे.

आणि ती असती तर काय होऊ शकतं, हे मुंबईने एकदा फार कटू रीतीने पाहिलं आहे. खालिद जमील महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, मग कितीतरी वर्षं मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. तुटपुंज्या पैशांत तो संघ आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून ठेवायचा. २०१६मध्ये तो तिथून बाहेर पडला, मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला, आणि मुंबईत त्याच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्या संघात होते. २०१६-१७ला ऐझॉल आय-लीगचं विजेतं ठरलं. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली, खालच्या श्रेणीत ढकलली गेली आणि नंतर बंदच पडली. म्हणजे मुंबईने घडवलेली माणसं मिझोरामला देशाचा विजेता करत होती, तेव्हा मुंबईचा क्लब शेवटचे श्वास मोजत होता. पुढे याच खालिदने २०२४-२५मध्ये जमशेदपूरच्या बेताच्या संघाला आयएसएलच्या उपांत्य फेरीत नेलं आणि ऑगस्ट २०२५मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पैसा कमी असताना चांगला संघ बांधता येत नाही, असं कुणी सांगू लागलं की मला त्याचं नाव आठवतं.

महाराष्ट्रात क्लब बंद पडणं आपल्या अंगवळणीच पडलं आहे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये गाशा गुंडाळला. पुणे एफसी गेलं. भारत एफसी एका हंगामात संपलं. डीएसके शिवाजीयन्स गेलं. आयएसएलमधलं पुणे सिटी २०१९मध्ये हैदराबादला निघून गेलं. या प्रत्येक क्लबात चांगली माणसं होती, काहींच्या अकादम्या नावाजलेल्या होत्या. पण मालकाचा उत्साह किंवा पैसा आटला की क्लबमागे उभं राहायला कुणी नव्हतं, कारण तो क्लब आपल्या पेठेचा, आपल्या वस्तीचा, आपल्या पोराचा आहे असं वाटणारी माणसंच फार थोडी होती. कोलकात्यात मोहन बागान बंद करायची भाषा कुणी करून बघावी. अंधेरीच्या स्टँडमध्ये वेस्ट कोस्ट ब्रिगेडची मंडळी नव्वद मिनिटं घसा फोडून ओरडतात, त्यांच्या निष्ठेला माझा सलाम आहे. पण अडीच कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या महानगर परिसरात सात-आठ हजारांचं स्टेडियम भरताना मारामार होते, हे दुखणं तिकिटांच्या सवलतींनी बरं होणार नाही.

आता पोरं आहेत कुठे? आहेत. कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची मॅच लागू द्या आणि एकदा जाऊन बघा. खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, कुणाचीही घ्या. दुपारच्या उन्हाने कडक झालेलं मैदान, बॉल गुडघ्याएवढा उसळतोय, आणि डावीकडून एखादा सडपातळ विंगर पायाच्या बाहेरच्या बाजूने तो एका टप्प्यात थांबवतो. गॅलरीतून त्याचं घरातलं नाव घेऊन हाका येतात. पुढचा बचावपटू कधी पाय टाकणार याची वाट बघत तो अर्धा क्षण नुसता उभा राहतो आणि मग लाइनच्या बाजूने निसटतो. बॉलवरची ही हुकूमत त्याला कुठल्याही अकादमीने शिकवलेली नसते. पेठेतल्या बारक्या जागेत, आपल्याहून थोराड पोरांत खेळून ती आलेली असते. तालीम मंडळं खेळाडू सांभाळतात, पदरमोड करून किट घेतात, बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणून संघ मजबूत करतात. क्लब म्हणजे काय हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको.

कमी पडतं ते पुढचं सगळं. वयाच्या पंधराव्या वर्षापासूनचा आहार, ताकदीचा व्यायाम, दुखापतीनंतर फिजिओ, बॉल पायात नसताना कुठे उभं राहायचं याचं रोजचं शिक्षण. अनिकेत जाधव हे कोल्हापूरचं पोर २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलं. त्याच्याआधी निखिल कदम मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेडपर्यंत पोचला. म्हणजे वाट आहे, पण ज्याने त्याने ती एकट्याने तुडवायची. बाकीची पोरं बावीस-तेविसाव्या वर्षी नोकरीच्या मागे लागतात आणि संध्याकाळी तालमीकडून खेळतात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण त्यांतली एक-दोन दरवर्षी अंधेरीपर्यंत यायला हवी होती.

मुंबईचंही तेच. वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर आणि कूपरेजवर मुंबईची स्थानिक लीग चालते. ज्याच्या नावाने ते मैदान आहे त्या नेव्हिल डिसूझाने १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. कूपरेजवर रोव्हर्स कप खेळला जायचा, ज्याची सुरुवात १८९१ची. या शहराला फुटबॉल नवा नाही. घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सची निवासी अकादमी आहे, तिथली मुलं निरनिराळ्या आयएसएल क्लबांत जातात. वांद्रे, माहीम, नागपाडा, मालवणी, अंबरनाथ, पुण्याचा कॅम्प, नागपूरच्या वस्त्या, इथे फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची वानवा नाही. माझ्या ‘महाराष्ट्रातल्या’ पोरांत ही सगळी आली: मराठी, कोकणी, उर्दू, हिंदी बोलणारी, कॅथलिक, मुसलमान, नवबौद्ध, कुणीही. या राज्याच्या मैदानांवर वाढलेलं पोर, एवढीच अट.

तर प्रत्यक्ष संघ कसा असावा, ते मला वाटतं तसं सांगतो.

गोलमध्ये फुर्बा लाचेंपा असावा. सिक्कीमचा हा गोलरक्षक २०२३-२४चा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान, मिळवणारा आहे आणि गोलरक्षकाच्या उमेदीची वर्षं त्याच्यासमोर अजून आहेत. पण त्याच्यामागचा दुसरा आणि तिसरा गोलरक्षक बाजारातून आणायची काय गरज? गोलरक्षक उशिरा पिकतो. अठरा-वीस वर्षांची दोन पोरं राज्यातून उचलावीत, लाचेंपाबरोबर रोज सराव करू द्यावा, रिझर्व्ह संघाकडून दर आठवड्याला खेळवावीत.

मधल्या बचावात उंच, अनुभवी परदेशी खेळाडूवर पैसे खर्च करायला माझी ना नाही. फॉल, ग्रिफिथ्स, तिरी यांनी ती जागा किती मोलाची असते हे दाखवलं आहे. त्याच्या जोडीला तेवीस-चोवीस वर्षांचा भारतीय बचावपटू हवा, चार वर्षांच्या करारावर. आणि करार संपायच्या एक वर्ष आधी त्याच्याशी नव्याने बोलणी करायची, हा नियम प्रत्येक भारतीय खेळाडूला लागू असावा. आपला कणा असा हळूहळू इतरांकडे गेला यात नशिबाचा भाग कमी आणि दिरंगाईचा जास्त, असं माझं ठाम मत आहे.

फुलबॅकच्या, म्हणजे बचावाच्या दोन कडांच्या, दोन जागा मात्र मी घरच्या पोरांसाठी राखून ठेवीन. भारतात चांगला फुलबॅक दुर्मिळ आणि म्हणून महाग. आणि कोल्हापूर-मुंबईत मुबलक मिळतात ते विंगर. विंगरला फुलबॅक करणं जगभर चालतं: बॉल घेऊन धावायची हिंमत त्याच्यात असतेच, शिकवायचं असतं ते मागे वळून बघणं, बचावाची रांग सांभाळणं, हवेतला बॉल. दोन हंगामांचं काम आहे. भेकेही कितीतरी वर्षं राइट-बॅक म्हणून खेळला आणि मग मध्ये आला.

मधल्या फळीत आपुइयाची जागा अजून भरून निघालेली नाही आणि एका खेळाडूने ती भरणारही नाही. तिथे दोन परदेशी, ज्यांच्या पायात सामन्याचा वेग ठरवायची ताकद आहे, आणि त्यांच्या आजूबाजूला धावणारे दोन तरुण. गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिससारखा पासर हाताशी असेल तर त्याने रोज सरावात या पोरांच्या शेजारी उभं राहावं.

विंगवर लाल्लियानझुआला छांगते. आपला कर्णधार, सलग दोन वर्षं महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू, मिझोरामचा असूनही मुंबईच्या चाहत्याला घरचा वाटणारा. तो जून २०२६मध्ये २९ वर्षांचा होतो. त्याच्या धावण्यावर संघ उभा करायची अजून दोन-तीन वर्षं आहेत, आणि त्याच दोन-तीन वर्षांत त्याचा वारस तयार व्हायला हवा. विक्रम प्रताप सिंगला २०२३-२४मध्ये लीगचा उदयोन्मुख खेळाडू हा मान मिळाला. त्याला सलग सामने हवेत, वीस-वीस मिनिटांचे तुकडे आता पुरे.

स्ट्रायकरच्या जागेवर प्रश्न मुंबईपुरता राहत नाही. प्रत्येक क्लब परदेशी नऊ नंबर आणतो. परिणाम काय? मार्च २०२५मध्ये चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून बोलावून राष्ट्रीय संघात परत आणावं लागलं, आणि त्या हंगामात आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीयही तोच होता. छेत्रीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण दीडशे कोटींच्या देशाला त्याच्यामागे दुसरा माणूस सापडू नये, याची जबाबदारी क्लबांची आहे. मुंबईने परदेशी स्ट्रायकर एकच ठेवावा. त्याच्यामागे एकविशीच्या आतला भारतीय असावा, आणि त्याला साठाव्या-पासष्टाव्या मिनिटापासून दर सामन्यात उतरवावं, मग आघाडी एका गोलाची असो की पिछाडी.

एकूण परदेशी चार. एक बचावात, दोन मध्ये, एक पुढे. पाचवा आणि सहावा नको. त्या दोघांचा पगार, विमानाची तिकिटं, अंधेरी-जुहूकडची भाड्याची घरं, एजंटची दलाली, हे सगळं वाचवून रिझर्व्ह संघ चालवावा, कोल्हापूर, पुणे, नागपूर आणि मुंबई इथे पगारी स्काउट नेमावेत. कोल्हापूरच्या तालमीतून पोरगा घेतला तर त्या तालमीला रीतसर मोबदला द्यावा, तो पुढे दुसऱ्या क्लबला विकला गेला तर त्या रकमेतही वाटा द्यावा. नुसतं ‘आम्ही तुमच्या मुलाला संधी दिली’ म्हणून भागणार नाही. ज्या मंडळाने त्याला दहा वर्षं सांभाळलं त्याचा तो हक्क आहे, आणि पैसे मिळाले तर पुढचं पोर ते आपणहून दाखवायला आणतील.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण पाठीराख्यांच्या प्रत्येक गप्पांत ते निघतं. पहिलं, आपली पोरं त्या दर्जाची नाहीत. आज नाहीत, मान्य. वीस वर्षांच्या मिझो पोराच्या अंगात जी तयारी असते ती कोल्हापुरी पोरात नसते, कारण मिझोरामने गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपली लीग, आपले प्रशिक्षक आणि आपली मैदानं यांवर मेहनत घेतली. रक्तात काही वेगळं नाही. ती मेहनत इथे कुणी घ्यायची? इथल्या सगळ्यांत मोठ्या क्लबनेच.

दुसरं म्हणतात, चषक कोण जिंकून देणार? २०२०मध्ये प्रशिक्षक लोबेरा गोव्याहून आला आणि त्याच्यामागून जाहू, फॉल, बुमू आले, पहिल्याच वर्षी शील्ड आणि कप दोन्ही मिळाले. तो हंगाम मीही विसरणार नाही. २०२२-२३मध्ये सलग अठरा सामने न हरता खेळलेला संघ तर भारतीय लीगमध्ये मी पाहिलेला सर्वांत देखणा संघ होता. पण तो तयार संघ विकत घ्यायला सिटी ग्रुपचा पैसा होता. पैसा असतानाही २०२३-२४च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये आपण सहाच्या सहा सामने हरलो, हेही विसरू नये. आता त्याच पद्धतीने, निम्म्या पैशांत, निम्म्या दर्जाचे परदेशी आणले तर मधल्या मध्ये लटकणारा संघ मिळेल. सहावा-सातवा क्रमांक, चेहरा नसलेला, दर जुलैमध्ये बदलणारा. त्यापेक्षा दोन वर्षं आठवे आलो तरी चालेल, पण तिसऱ्या वर्षी अकरांत चार पोरं या मातीतली असावीत आणि ती बाविशीच्या आसपासची असावीत. पाठीराखा म्हणून मी ती दोन वर्षं तिकीट काढून काढीन, आणि माझ्यासारखे बरेच आहेत.

तिसरा आक्षेप प्रांतीयतेचा. मुंबई सगळ्यांची, तिथे महाराष्ट्राच्या पोरांचा आग्रह का? छांगते, लाचेंपा, विक्रम, ब्रँडन यांना मी वर संघाच्या मध्यभागी ठेवलं आहे, त्यामुळे बाहेरच्यांना दार बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. बास्क देशातल्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओसारखं फक्त आपल्याच मुलखातले खेळाडू घ्या, असंही मी म्हणत नाही. पण पंजाबच्या, मणिपूरच्या, गोव्याच्या मुलांकडे त्यांच्या घराजवळ वर जायची वाट आहे. आपल्या मुलांसाठी ती वाट मुंबई सिटीने नाही काढली तर कोण काढणार? राज्यातले बाकीचे मोठे क्लब केव्हाच मिटले.

मालकांकडे माझी मागणी मोठी नाही. कोल्हापूरचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो, तेव्हा दर शनिवार-रविवारी क्लबचा माणूस शाहू स्टेडियमवर वही घेऊन बसलेला असावा. हंगामपूर्व सरावाचा एक सामना तिथेच, तालमींच्या निवडक संघाविरुद्ध खेळवावा. एएफसीचे घरचे सामने बालेवाडीला झाले होते, तसा लीगचा एखादा सामनाही पुण्यात न्यावा. आणि राहुल भेके, जो आता पस्तिशीत आहे, त्याच्या करिअरच्या शेवटच्या टप्प्यात त्याला परत बोलवावं: एक-दोन वर्षं खेळाडू म्हणून, त्यानंतर रिझर्व्ह संघाचा प्रशिक्षक म्हणून. वांद्र्याच्या टर्फवरचं पोर आशियापर्यंत कसं जातं, हे शिकवायला त्याच्याहून योग्य माणूस मुंबईत दुसरा नाही. त्याच्याशी बोलणी याच उन्हाळ्यात सुरू करावीत, कुठल्याही परदेशी एजंटला फोन करायच्या आधी.